पुस्तकांच्या पेटीपासून संगणकाच्या पेटीपर्यंत

आमच्या गावच्या वाचनालयात एक काचेचे कपाट आहे. वरच्या फळीवर पोथ्या, मधल्या फळीवर जुने दिवाळी अंक आणि सर्वांत खाली, फुलाफुलांच्या कापडी आवरणाखाली, एक संगणक. २००४ साली एका अनुदानातून तो आला, तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले आणि छायाचित्रही काढले. त्या छायाचित्रात चिटणीस या नात्याने मी मधोमध उभा आहे. पुढच्या तीन वर्षांत तो संगणक किती वेळा चालू झाला, असे विचाराल तर माझ्या वहीत त्याच्या नावाने २७ नोंदी आहेत. त्यांपैकी ११ नोंदी 'धूळ पुसली' अशा आहेत.

यंदा श्रावणात कार्यकारिणीच्या बैठकीत नव्या संगणकांसाठी अनुदान मागण्याचा ठराव आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. समितीत अलीकडेच आलेल्या एका तरुण शिक्षिकेने मात्र विचारले, "संगणक येतील हो सर, पण त्यांच्याजवळ बसणार कोण?" प्रश्न माझ्याकडे पाहून विचारला होता. उत्तर कोणीच दिले नाही. अर्ज लिहिण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले. अर्जात एक रकाना होता : 'यापूर्वी मिळालेल्या अनुदानाचा विनियोग.' त्या रकान्यापाशी माझे पेन अडले ते चार दिवस हललेच नाही.

जन्मभर इतिहास शिकवला. त्यामुळे अडलो की मागे जाऊन पाहायचे, ही खोड आहे. सरकारी पैशातून सामान्य माणसाच्या हाती ज्ञानाचे साधन द्यायचे, हा उद्योग काही संगणकापासून सुरू झालेला नाही. तो आपल्याकडे कोठून आला आणि वाटेत त्याचे काय काय झाले, हे जमेल तसे जुळवून पाहिले. तेच वाचकांपुढे ठेवतो.

*

आपल्या भागात वाचनालये जुनी. कोल्हापूरचे १८५० सालचे, रत्नागिरीचे त्याच्याही आधीचे, १८२८ चे. पण ही शहरांतली आणि बहुतांशी वर्गणीदारांची वाचनालये. ज्याच्याजवळ वर्गणी नाही, जो खेड्यात राहतो, त्याच्यासाठी सरकारने पुस्तकाची सोय करावी, ही कल्पना प्रत्यक्षात आणली ती बडोद्याने. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या एका शेतकरी घरातला मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानाला लागू केला. मुले वाचायला शिकली, पण शाळा सुटल्यावर त्यांनी वाचायचे काय? अमेरिकेच्या दौऱ्यात महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावून ग्रंथालय खाते उभे केले.

त्यापुढची व्यवस्था मला विशेष वाटते. गावाला वाचनालय हवे असेल तर खर्चाचे तीन वाटे. एक वाटा गावाने उभा करायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच सरकारने. गावाने हात आखडला की बाकीचे दोन वाटेही थांबत. ज्या गावांत वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. गावाने त्या वापरायच्या आणि परत करायच्या, मग दुसरी पेटी येई. ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांच्यासाठी जादूच्या दिव्याची चित्रे आणि चलच्चित्रे दाखवणारी एक शाखा होती. बायकांसाठी आणि मुलांसाठी मध्यवर्ती ग्रंथालयात वेगळी सोय होती.

बॉर्डेन १९१३ साली परत गेले. काम मोडले नाही, कारण खेड्यापाड्यांतून ते उभे करणारे मोतीभाई अमीन यांच्यासारखे कार्यकर्ते होते. खाते निघण्याआधीच, १९०६ च्या सुमारास, त्यांनी मित्रमंडळांची छोटी वाचनालये सुरू केली होती. सयाजीराव १९३९ साली गेले, तोपर्यंत संस्थानातल्या वाचनालयांची संख्या हजाराच्या वर गेली होती. यातली एक गोष्ट मी माझ्या वहीत टिपून ठेवली : पैसा तिघांचा होता, आणि पेटी उघडून देणारा माणूस गावातला होता.

*

संगणकाची पेटी आली तेव्हा पहिला अडथळा पैशाचा नव्हता, अक्षरांचा होता. यंत्र इंग्रजी बोलणारे. त्याला आपली लिपी शिकवण्याचे काम सरकारी खर्चानेच झाले. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. तिचे 'जिस्ट' कार्ड संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटू लागे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली इन्स्क्रिप्ट हा कळफलक ठरवला, आणि १९९१ साली भारतीय लिप्यांच्या सामाईक संकेतावलीला मानक संस्थेची मान्यता मिळाली.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या लोकांनी यातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी होती. इन्स्क्रिप्टमध्ये ज्या कळीवर देवनागरी 'क' आहे त्याच कळीवर कन्नड 'क' आहे. 'त' च्या कळीवर 'त', 'म' च्या कळीवर 'म'. ज्या मुलाने एका भाषेत टंकलेखन शिकले त्याची बोटे दुसऱ्या भाषेत आपोआप चालतात. त्या सामाईक संकेतावलीमुळे देवनागरीत लिहिलेले नाव एका आज्ञेने कन्नड लिपीत दाखवता येई. हे भाषांतर नव्हे, फक्त लिपीचा बदल. पण नावगाव, वडिलांचे नाव, शेताचे नाव वाचायला तेवढा पुरे असतो. म्हणजे सीमेच्या दोन्ही अंगांना उपयोगी पडेल असे साधन जनतेच्या पैशातून तयार झाले होते. आम्ही मात्र गावोगाव आपापल्या फॉन्टांच्या नादी लागलो. एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की नुसत्या किड्यामुंग्या दिसत. आमच्या वाचनालयाच्या शतकपूर्व वर्गणीदारांची यादी मी स्वतः अशीच घालवली आहे.

*

या पैशातून गावाला संगणक मिळण्याचा पहिला गाजलेला प्रयोग आपल्या शेजारीच झाला. वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या साखर कारखान्याभोवती तिथे दूध संघ, शाळा-महाविद्यालये, बाजार असा सगळा सहकाराचा संसार वाढलेला होता. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी तिथे संगणकजाळ्याचा प्रकल्प मंजूर झाला. खर्च अडीच कोटींच्या घरात. त्यात निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणेच्या शिक्षण मंडळाचा. बडोद्याचा गावाचा तिसरा वाटा इथे दहावा झाला होता, पण होता.

गावातल्या केंद्रावर पिकांची माहिती, बाजारभाव, शेतीचा सल्ला, पुढे जमिनीचे उतारे असे पुष्कळ काही मिळावे अशी योजना होती. प्रत्यक्षात शेतकरी तिथे गेला तो मुख्यतः उसासाठी. लागणीची नोंद झाली का, तोड कधी, वजन किती भरले, खत किती उचलले, बिल किती, हे विचारायला पूर्वी कारखान्यावर खेप घालावी लागे, ती वाचली. काही वर्षांनी यंत्रे जुनी झाली, दुरुस्ती महाग पडू लागली. २००६ च्या सुमारास संशोधकांनी सात गावांत एक प्रयोग केला : संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरून लघुसंदेश पाठवायचा आणि तीच माहिती मागवायची. काम भागले, खर्चही वाचला.

यावरून वारणेचा प्रयोग फसला असे म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही. माणसाला आपल्या उसाचे वजन आपल्या गावात, आपल्या भाषेत कळले, हे लहान काम नव्हे. शिवाय केंद्रावर बसणारा माणूस सहकारी संस्थेचा होता, त्याच्या पगाराची काळजी संस्थेला होती. पेट्या जुन्या झाल्या तरी गरज आणि माणूस शिल्लक होते, म्हणून दुसरे साधन सापडले.

*

वारणेनंतर दोन वर्षांनी, जानेवारी २००० मध्ये, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात 'ज्ञानदूत' सुरू झाले. धार म्हणजे पवारांचे जुने संस्थान, इंदूरच्या मराठी वाचकांना घरासारखे. पण जिल्ह्यातली निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासी, आणि योजना त्यांच्यासाठी. आठवडी बाजाराच्या किंवा रहदारीच्या गावी 'सूचनालय' उघडायचे, आसपासच्या वीस-तीस गावांनी त्याचा उपयोग करायचा. खर्च सुमारे २५ लाख, तोही बराचसा ग्रामपंचायतींनी आणि लोकांनी उचललेला. सूचनालय चालवणारा 'सूचक' हा गावातलाच शिकलेला तरुण. त्याला पगार नव्हता. अर्ज, दाखला, बाजारभाव यांसाठी लोक जे चार पैसे देत त्यावर त्याचे चाले. त्याच वर्षी या योजनेला स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि जगभरचे पाहुणे धारला येऊन गेले.

पाहुणे गेल्यावर वीज जाऊ लागली. टेलिफोनच्या तारेवर चालणारी जोडणी तुटू लागली. पुढच्या पाहण्यांत आढळले की सूचनालयाची पायरी चढणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा फार कमी आहे. अर्ज संगणकातून गेला, तरी पलीकडच्या टेबलावर त्याचे उत्तर वेळेवर दिले जाईल याची हमी नव्हती. मग लोक का येतील? आणि लोक आले नाहीत तर सूचकाने पोट कशावर भरायचे? गावाने आपला वाटा दिला, माणूसही दिला. पण त्या माणसाला टिकवण्याची तरतूद कोणी केली नव्हती.

*

आता आमच्या घरची गोष्ट. ती सांगावी की न सांगावी, याचा मी पुष्कळ विचार केला.

कर्नाटकात 'भूमी' योजनेखाली २००१ पर्यंत १७७ तालुक्यांतले जमिनीचे उतारे संगणकावर आले. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे २ कोटी उतारे. तालुक्याच्या केंद्रावर १५ रुपये भरले की छापील उतारा हातात पडे. हस्तलिखित उताऱ्यांचा जमाना संपला. हे काम मोठे होते आणि देशभर त्याचे अनुकरण झाले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. उतारा कन्नडमध्ये असे. सीमाभागात मराठीतही कागद मिळावेत, ही आपली मागणी जुनी आहे, ती मी सोडलेली नाही. पण मागणी करणे आणि हातातला कागद वाचून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मला उशिरा कळले.

माझ्या धाकट्या चुलत्यांच्या पश्चात शेत काकूच्या नावावर झाले. तिने काढलेले एक जुने कर्ज २००० साली फेडले होते. २००२ साली तिने नवा उतारा आणवला, पिशवीत गुंडाळला आणि ट्रंकेत ठेवला. उताऱ्यावर 'काहीतरी आहे' असे कोणीतरी सांगितले, तेवढ्यावर तिची समजूत झाली की आता आपल्याला पीककर्ज मिळायचे नाही. पुढच्या वर्षी बियाणे-खतासाठी पैसे लागले तेव्हा तिने हातातल्या पाटल्या गहाण टाकल्या. कोणाला सांगितले नाही. व्याज वाढत गेले.

२००५ च्या दिवाळीत ओवाळताना तिचे हात रिकामे दिसले तेव्हा मी विचारले. मग ट्रंक उघडली, उतारा निघाला आणि तिने तो माझ्या हातात दिला. "तू मास्तर न्हवं? वाच की." मी एम. ए. झालेला माणूस. शिवकालीन मोडी कागद मी भिंगाखाली धरून वाचतो. घरचा उतारा मला वाचता येईना. चार अक्षरे ओळखीची वाटत होती, एवढेच. कन्नड न शिकण्याला मी आयुष्यभर तत्त्व म्हणत आलो होतो. त्या दिवशी काकूसमोर ते तत्त्व नव्हते, नुसते अज्ञान होते.

शेजारची एक मुलगी तेव्हा आठवीत होती. घरची भाषा मराठी, शाळा कन्नड माध्यमाची. तिला हाक मारली. तिने रकाना-रकाना वाचून दाखवला आणि एका ठिकाणी बोट ठेवले. "आजी, हितं कर्जाचा बोजा लावलाय." तोच, फिटलेल्या कर्जाचा. तो उतरवायला कर्ज फिटल्याचा दाखला जोडून एक अर्ज करायचा असतो. तो आमच्याकडून कोणी केलाच नव्हता. कागदाची चूक नव्हती, यंत्राचीही नव्हती. पुढे अर्ज केला, बोजा उतरला, पीककर्जही मिळाले. पाटल्या मात्र तोपर्यंत बुडाल्या होत्या. काकूने आज चौऱ्याऐंशी ओलांडली आहे. हात तसेच आहेत.

आमच्या घरापासून वाचनालय दोनशे पावलांवर. तिथे संगणक येऊन तेव्हा एक वर्ष झाले होते, आणि मी त्याची धूळ पुसत होतो.

*

पुढचा काळ मोठ्या आकड्यांचा. सप्टेंबर २००६ मध्ये केंद्राने देशभर एक लाख सामाईक सेवा केंद्रांची योजना मंजूर केली. खर्चाचा अंदाज ५,७४२ कोटी रुपये. त्यांतले ८५६ कोटी केंद्राचे, ७९३ कोटी राज्यांचे, उरलेला सगळा खाजगी. केंद्र चालवणारा गावातला तरुण आता 'उद्योजक' झाला. लोकांची सोय झाली, यात शंका नाही. पण उद्योजक दाखला काढून देतो, शिकवत बसत नाही. त्याने ते का करावे?

शिकवण्यासाठी वेगळ्या योजना आल्या. २०१४ साली राष्ट्रीय डिजिटल साक्षरता मोहीम, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ग्रामीण भागासाठी 'पीएमजीदिशा'. सहा कोटी घरांतल्या प्रत्येकी एका माणसाला संगणक किंवा मोबाइल वापरता यावा, हे उद्दिष्ट; खर्च २,३५१ कोटी ३८ लाख. डोई हिशेब केला तर माणशी ३९२ रुपये. शिक्षण २० तासांचे. माणूस परीक्षा उतरला की शिकवणाऱ्या संस्थेला ३०० रुपये. म्हणजे एका माणसाला एक तास शिकवण्याची किंमत १५ रुपये, आणि तीही तो उत्तीर्ण झाला तर. वयाची मर्यादा १४ ते ६०. मार्च २०२४ मध्ये योजना संपली तेव्हा प्रशिक्षितांची संख्या ६ कोटी ३९ लाख सांगितली गेली. उद्दिष्टाहून अधिक.

आकडा मोठा आहे आणि मी त्याला हसत नाही. त्यात कित्येक सुना-मुली आहेत, ज्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पैसे पाठवले, निकाल पाहिला. पण २० तासांनंतर एकविसाव्या तासाला अडलेल्या माणसाने कोणाकडे जायचे? आणि साठी ओलांडलेल्या काकूने?

याचे एक उत्तर अलीकडे आपल्याच राज्यात दिसू लागले आहे. कर्नाटकात खेड्यांतली साडेपाच हजारांहून अधिक सरकारी वाचनालये २०१९ साली ग्रामविकास खात्याकडे, म्हणजे पंचायतींच्या जवळ, आली. मुलांना सभासदत्व मोफत झाले आणि पुस्तकांच्या शेजारी हळूहळू संगणक आले. म्हणजे शंभर वर्षांनी पेटी पुन्हा वाचनालयात आली. जिथे एक माणूस ठरावीक वेळी दार उघडतो, आणि आत यायला काही विकत घ्यावे लागत नाही. तिथली पुस्तके बहुतेक कन्नड आहेत. आपल्या मुलांनी तिथे जावे, आणि मराठी पुस्तके, मराठी कळफलक तिथे असावेत म्हणून आपण मागणीही करावी आणि वाटाही उचलावा, असे माझे मत झाले आहे.

*

अखेर तो रकाना मी भरला. लिहिले : 'सन २००४ मध्ये एक संगणक मिळाला. तो चालवण्यास व लोकांस शिकवण्यास माणूस नेमला नाही. त्यामुळे उपयोग झाला नाही. दोष समितीचा व तत्कालीन चिटणीसाचा.' अध्यक्ष म्हणाले, "सर, असं लिहिलं तर अनुदान मिळेल का?" मी म्हटले, न मिळो. पण चार संगणकांची मागणी दोनवर आणली आणि त्याखाली एक ओळ घातली : आठवड्यातून तीन संध्याकाळी बसणाऱ्या माणसाचे मानधन गाव देईल. त्यासाठी प्रत्येक सभासदाची वर्गणी वाढवली. कुरकुर झाली, पण वर्गणी जमली. बडोद्याच्या हिशेबाने हा आमचा वाटा.

अर्जाचे उत्तर यायचे आहे. संध्याकाळी मात्र सुरू झाल्या आहेत. काचेच्या कपाटापुढे एक टेबल आणि दोन स्टुले ठेवली आहेत. एका स्टुलावर ती शिक्षिका बसते. २००५ साली काकूचा उतारा वाचून दाखवणारी आठवीतली मुलगी ती हीच. दुसऱ्या स्टुलावर ज्याला जे अडले आहे तो : कोणाचा उतारा, कोणाचे विजेचे बिल, कोणाच्या नातवाचा शाळेचा अर्ज. काम तूर्त तिच्या मोबाइलवर चालते.

मंगळवारी आणि शुक्रवारी सगळे गेल्यावर त्या दुसऱ्या स्टुलावर मी बसतो. कन्नड बाराखडी संपली आहे, जोडाक्षरे चालू आहेत.